वाऱ्याची शिकार

परभणी जिल्हा म्हटलं की लोकांना काळी जमीन, कापूस अन् गोदावरी आठवते. पण आमच्या जिंतूरकडं काळी संपली की मुरमाड माळ लागतो. झाड नाही, आडोसा नाही. नुसतं कुसळी गवत अन् वारं. या माळावर माझ्या लहानपणी लांडगे होते, कोल्हे होते, काळविटांचे कळप होते. आताच्या पोरांना सांगितलं तर थाप वाटते.

धनगर रात्री मेंढरं वाघुरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, कोंडायचे अन् भोवती कुत्री ठेवायचे. एरवी लांडगा जवळ आला की कुत्र्यांना वास लागायचा. आषाढात पश्चिमेचं वारं सुटलं की लांडगा पूर्वेकडून यायचा. मेंढरांचा वास त्याला मिळायचा, त्याचा वास कुत्र्यांना नाही. त्यात वाऱ्याचा आवाज इतका, की मेंढरू ओरडलेलं धनगराला सकाळीच कळायचं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधलं साल. पंधरा दिवसांत सात मेंढरं गेली. चुलत्यांनी माळापलीकडच्या पालावरून एका म्हाताऱ्या पारध्याला बोलावलं. मीही सोबत गेलो होतो.

फासेपारधी म्हणजे फास लावून शिकार करणारे. पिकात काळवीट घुसलं की गावोगावचे शेतकरी त्यांनाच हाक मारायचे. अन् याच लोकांवर इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं जन्मापासून गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायद्यानं पुसला. कायद्यानं.

म्हाताऱ्यानं आधी चिमूटभर माती उचलून सोडली अन् ती कुठं जाते ते बघितलं. मग म्हणाला, "आबा, लांडगा घळीत झोपलाय. तुम्ही मावळतीला उभे राहा. तुमचा वास अन् गलका वारंच त्याच्याकडं नेईल. तो उगवतीला पळंल. तिकडं मी हाय, पण माझा वास त्याला यायचा नाही."

घळीच्या तोंडाशी त्यानं शेण चोळलेले तातीचे फास मांडले अन् स्वतः गवतात आडवा झाला. आम्ही डबे वाजवत निघालो. वारं पाठीत ढकलत होतं, डोक्याचं धोतर उडत होतं. आम्ही घळीपाशी पोचेस्तोवर काम झालं होतं. मोठा नर होता. त्याला बघून मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या रात्री माळावर एकटा लांडगा ओरडत राहिला तेव्हा मात्र झोप लागली नाही.

म्हाताऱ्याला दोन पायल्या ज्वारी अन् जुनं धोतर मिळालं. धनगरानं एक कोकरू दिलं.

महिन्याभरानं गावात एका घरचं धान्य चोरीला गेलं. पहिलं नाव त्याचंच निघालं. त्या रात्री तो आमच्या शेतातल्या आखाड्यावर होता. पावसानं अडकला म्हणून चुलत्यांनी थांबवला होता अन् मी त्याच्या शेजारीच झोपलो होतो. चुलते गप्प बसले, म्हणून मीही बसलो. त्याला मारहाण झाली. पाल उठलं अन् परत कधी दिसलं नाही. पुढं चोर गावातलाच निघाला. ती गोष्ट चारचौघांत कुणी काढली नाही.

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, लांडग्याची शिकार बंद झाली. पण आमच्या माळावरचा लांडगा नुसत्या शिकारीनं संपला नाही. आम्ही माळ मोडला. माझ्याही वाट्याचे चार एकर मीच ट्रॅक्टर लावून नांगरले. निजायला घळ नाही, खायला काळवीट नाही, मग तो राहील कसा? आता रानडुकरं अन् रोही पीक खातात अन् आम्ही रात्रभर बॅटऱ्या घेऊन जागतो.

आषाढात वारं सुटलं की मी अजून चिमूटभर माती उचलून सोडतो. ती उगवतीला जाते, पारध्याचं पाल होतं तिकडं. तेव्हा तेरा वर्षांचा होतो, तोंड उघडता आलं असतं. आज लिहितो आहे, पण ऐकायला तो नाही.