संक्षेप आणि परतीची वाट

संक्षेपाची हौस मराठी लेखणीला फार जुनी. दफ्तरातला कारकून बोरूने मोडी लिही, तो हात उचलण्याचा कंटाळा करीतच लिही. ‘मुक्काम’ हा शब्द दिवसातून शंभर वेळा लिहायचा, तेव्हा ‘मु॥’ एवढ्यावर त्याचे भागे. ‘छ १० रजब’ यातला ‘छ’ म्हणजे चंद्र. ‘सा. न. वि. वि.’ या चार अक्षरांत अख्खा साष्टांग नमस्कार आणि त्यामागची विनंती सामावलेली असे. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला खूण ठाऊक होती, म्हणून काही अडत नव्हते.

अडले ते पुढच्या पिढ्यांचे. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला आणि पुढे या मालेचे 22 खंड झाले. मोडी कागद बाळबोधात उतरविणाऱ्या प्रत्येकापुढे तेव्हापासून एकच पेच आहे : संक्षेप तसाच ठेवायचा, की फोडायचा? त्या दोन उभ्या रेघांचेच पाहा ना. अक्षरापुढे आल्या तर शब्द तोडल्याची खूण, आकड्यापुढे आल्या तर अर्धा. ‘२॥’ म्हणजे अडीच. नजर चुकली की रुपयाचा शब्द होतो आणि शब्दाचा रुपया. म्हणून जाणता संपादक स्वतःची भर कंसात घालतो. तो कंस म्हणजे वाचकासाठी ठेवलेली परतीची वाट. संपादकाचा अर्थ पटला नाही, तर कंसातले गाळावे आणि मूळ अक्षराशी पुन्हा येऊन बसावे.

आता हे संपादकाचे काम संगणकातल्या आज्ञावलीने पत्करले आहे. आपण ‘जि. भं.’ टंकले की ती ‘जिल्हा भंडारा’ करून देते. तिची रीत सरळ आहे. ती टंकलेल्या अक्षरांवर लक्ष ठेवते, ओळखीचा संक्षेप दिसला की तेवढी अक्षरे पुसते आणि त्या जागी लांब मजकूर घालते. तो नको असेल तर? चांगल्या आज्ञावलीत लगेच मागे घेण्याची कळ दाबली की आपला मूळ संक्षेप परत येतो. पण ‘लगेच’ या शब्दाला येथे फार वजन आहे. तिला बहुधा शेवटचाच बदल आठवतो. मध्ये दुसरीकडे टिचकी मारली, चार अक्षरे पुढे लिहिली, की ती विसरते.

आणि मागे घेताना मोजणी चुकू शकते. ‘भंडारा’ या शब्दात आपल्या डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात. संगणकाच्या हिशेबी सहा आहेत : भ, अनुस्वार, ड, काना, र, काना. कुठे पुसण्याची एक कळ एक काना खाते, कुठे अख्खे अक्षर. आज्ञावलीने सहादा पुसले आणि समोरच्या पानाने दर वेळी पुरे अक्षर गिळले, तर शेजारच्या शब्दाचाही बळी जातो. रोमन लिपीवर बेतलेला हिशेब देवनागरीला असा जाचतो.

तरी माझी खरी चिंता वेगळीच आहे. १९५४ सालच्या एखाद्या पत्रावर पत्ता असतो : ‘आमगाव, जि. भंडारा, म. प्र.’ यात चूक काहीच नाही. १९५० पासून १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत भंडारा मध्यप्रदेशातच होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. मग तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. आमगाव तर १ मे १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात गेले. आज हा पत्ता फोडून ‘मध्यप्रदेश’ लिहिले, तर अक्षरे बरोबर, पण वाचणारा भोपाळकडे पाहू लागतो. ‘सुधारून’ ‘जिल्हा गोंदिया, महाराष्ट्र’ केले, तर भूगोल आजचा बरोबर आणि इतिहास पार पुसलेला. चार-सहा वर्षे नागपूर एका मोठ्या हिंदी-मराठी राज्याची राजधानी होती, ही गोष्ट त्या ‘म. प्र.’ या दोन अक्षरांतच तगून आहे.

वाचक म्हणतील, एवढ्याशा पत्त्याचे काय घेऊन बसलात? पण गावे, गोतावळे आणि जमिनीचे तंटे अशाच पत्त्यांवरून उलगडतात. भोसल्यांच्या अमलापासून आजपर्यंत भंडाऱ्याने इतके धनी पाहिले, की त्याच्या प्रत्येक कागदावरचा संक्षेप हा त्या काळाचा शिक्का आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. नित्याच्या पत्रव्यवहारात आज्ञावलीने खुशाल शब्द फोडावेत; त्यात बोटांचे श्रम वाचतात. जुना कागद उतरविताना मात्र ती बंद ठेवावी. जसे लिहिले आहे तसे आधी उतरवावे, अर्थ शेजारी कंसात द्यावा. यंत्राची परतीची वाट क्षणभर उघडी असते. कंसाची वाट पन्नास वर्षांनी येणाऱ्यालाही मोकळी राहते.