थेट प्रक्षेपण आणि हवेची मालकी

क्रिकेटच्या सामन्याचा इतिहास लिहिताना खेळाडू, पंच आणि फार तर समालोचक यांची नावे उरतात. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठी समालोचनाची भाषा घडवली, याची दखल आपल्याकडे घेतली गेली आहे. मात्र ज्याच्यामुळे सामना ‘दिसतो’ त्या प्रक्षेपण अभियंत्याला या इतिहासात जागा नाही. ती मोकळी जागा कशाने भरावी, याचा विचार आम्हाला येथे करावयाचा आहे.

मैदानाबाहेर उभ्या असलेल्या ओबी व्हॅनमध्ये हा अभियंता बसतो. सर्व कॅमेऱ्यांची चित्रे एकाच तालात चालावी लागतात; ताल चुकला तर एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना चित्र उडी मारते. दुपारनंतर स्टँडची सावली खेळपट्टीवर सरकू लागली की उजेडाचे आणि रंगाचे प्रमाण क्षणोक्षणी जुळवावे लागते. मग हे चित्र सूक्ष्मलहरींच्या दुव्याने केंद्राकडे धाडायचे. लेखकाला दुसरा खर्डा करता येतो, अभियंत्याला ती सवलत नसते. त्याचे यश हेच, की प्रेक्षकाला त्याचे अस्तित्व जाणवू नये.

पण ‘थेट’ म्हणजे कोणासाठी थेट? मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच्या लहरी साधारण क्षितिजापर्यंतच पोहोचणाऱ्या. राहुरी तालुक्यातले देवळाली प्रवरा मुंबईपासून सरळ रेषेतही दीडशे किलोमीटरांहून दूर, आणि मध्ये सह्याद्री उभा. वानखेडेवरचा सामना वरळीच्या मनोऱ्यावरून अशा गावी थेट पोहोचणे शक्यच नव्हते. १५ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्रीय प्रसारण आणि रंगीत चित्र आले, पण इन्सॅट-१ए हा उपग्रह त्याच वर्षी निकामी झाला. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी स्थिरावला आणि त्यानंतर देशभर कमी शक्तीच्या प्रक्षेपकांचे जाळे पसरू लागले. सुमारे छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन परतलेले चित्र जेमतेम पाव सेकंद शिळे असते. डोंगराने घातलेला अडसर अंतराळमार्गे ओलांडला गेला.

डोंगर असा ओलांडता आला, तरी कायद्याचा अडसर शिल्लकच होता. नोव्हेंबर १९९३ मध्ये बंगालच्या क्रिकेट संघटनेने हिरो चषकाचे प्रक्षेपण ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीकडे दिले. दूरदर्शनने हरकत घेतली. कंपनीची सामग्री सीमाशुल्क खात्यात अडकली. चित्र उपग्रहाकडे धाडण्याची परवानगी १८८५ च्या तारकायद्याशी बांधलेली होती. कॅमेरे सज्ज असूनही चित्र वर जाईल की नाही, हे न्यायालयाच्या आदेशांवर ठरत होते. २४ नोव्हेंबरच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या आणि सचिन तेंडुलकरने तीनच दिल्या. ते षटक लोकांच्या आठवणीत राहिले. त्यामागचा तंटा कायद्याच्या ग्रंथांत जाऊन बसला.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे. ध्वनिलहरी व चित्रलहरी ज्या मार्गाने जातात ते आकाश ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचे नियमन स्वायत्त संस्थेने करावे, असे त्याचे सार. ना सरकारची मक्तेदारी, ना पैसेवाल्याची. आमच्या मते या निकालाचा खरा वाचक सामान्य प्रेक्षक आहे. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्र प्रसार भारतीला देणे खासगी वाहिन्यांना बंधनकारक झाले, ते याच विचाराच्या वाटेवर. मात्र २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ते चित्र खासगी केबलवरून दाखवण्यास मनाई केली. हक्क राहिला, पण त्याचे दार अरुंद झाले.

आज बहुतेक जुने प्रक्षेपक बंद झाले असून सामना मोबाइलच्या पडद्यावर आला आहे. तेथे ‘थेट’ चित्र पुष्कळदा कित्येक सेकंद मागे असते. शेजारच्या घरातला जल्लोष आधी ऐकू येतो आणि चेंडू नंतर पडतो. तंत्र पुढे गेले, पण प्रश्न तोच आहे. मैदानातून निघालेले चित्र प्रवरेकाठी कोणाच्या परवानगीने आणि किती मोलाने पोहोचते? साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटू नये. संहिता कोणाची आणि ती कोणापर्यंत पोहोचते, हेच तर आपण वर्गात विचारत असतो.