घर विकत घ्यायचं, तर शोध किती वर्षांचा?

आजचा विषय वरवर साधा दिसतो. योग्य घर विकत घ्यायचं तर ते सापडायला किती काळ लागतो? धर्माबादेत हा प्रश्न चार जणांना विचारला तर एक म्हणेल सहा महिने, दुसरा म्हणेल दोन वर्षं, तिसरा म्हणेल नशिबात असेल तेव्हा. आम्ही तोच प्रश्न आज थोडा इतिहासाच्या अंगानं घेणार आहोत. हा काळ नेमका कशात जातो, ते बघू.

आपली म्हण सगळ्यांना पाठ आहे : लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून. ती नीट ऐका. म्हण 'बांधून' म्हणते, 'विकत घेऊन' म्हणत नाही. याला कारण आहे. जुन्या गावाची जमीन दोन रंगांची, काळी आणि पांढरी. काळीत पिकवायचं, पांढरीत राहायचं. पांढरीतलं घर बापाकडून मुलाकडे जायचं. माणसं वाढली की शेजारी आणखी एक भिंत उभी राहायची, वर माळवद पडायचं. कोणाचं घर कोणत्या आळीत, हे जातीनं आधीच ठरवलेलं. अशा गावात घर 'शोधायचं' म्हणजे काय करायचं? आणि ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं, त्यांनी तर विचारायचंही नाही. परदेशातून शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना 1917 साली बडोद्यात राहायला भाड्याची खोलीसुद्धा मिळाली नाही. शोध घेता येणं हासुद्धा एक हक्क आहे, आणि तो सगळ्यांना एकाच वेळी मिळालेला नाही.

आपल्या भागात हे चित्र बदलायला लागलं रेल्वेनं. हैदराबाद ते मनमाड हा गोदावरी खोऱ्यातला मार्ग 1900 च्या सुमाराला सुरू झाला. स्टेशन आलं की बाजार येतो. बाजार आला की अडते, हमाल, कारकून, मास्तर येतात. धर्माबादची मिरची आज दूरदूर जाते, ती या रेल्वेच्या गावाचीच कमाई. बाहेरून आलेल्या या माणसांची पांढरीत वडिलोपार्जित जागा नव्हती. त्यांना घर विकतच घ्यावं लागणार. म्हणजे घर ही 'घ्यायची वस्तू' होणं, ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट नाही.

पण घर मिरचीसारखं बाजारात येत नाही. मिरचीला हंगाम असतो, ती येणारच. घर कधी विकायला निघतं? घरातलं मोठं माणूस जातं तेव्हा. भावांची वाटणी होते तेव्हा. कर्ज गळ्याशी येतं, लेकीचं लग्न ठरतं, मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला स्थायिक होतो तेव्हा. तुम्ही म्हणता, आम्ही घर शोधतोय. खरं तर तुम्ही दुसऱ्या कुटुंबात काहीतरी घडण्याची वाट बघत असता.

गणितवाल्यांनी या शोधाचा एक हिशोब मांडलाय. स्थळं एकामागून एक येत असतील आणि सोडलेलं परत मिळत नसेल, तर पहिली 37 टक्के फक्त बघून सोडायची, आणि त्यानंतर आधीच्या सगळ्यांपेक्षा सरस दिसेल ते पहिलं घ्यायचं. या संदर्भात केप्लरचं उदाहरण देतात. पहिली पत्नी वारल्यावर या ज्योतिर्विदानं 11 स्थळं पाहिली आणि 1613 साली त्यातलं पाचवं पसंत केलं. हर्बर्ट सायमन या विचारवंतानं वेगळी वाट सांगितली : सर्वोत्तमाच्या मागे लागू नका, आपल्याला पुरेसं काय ते आधी ठरवा आणि तसं मिळालं की थांबा. दोन्ही सल्ले उपयोगी आहेत. पण दोन्हींत एक गृहीत धरलंय, की निवड करणारे फक्त आपण आहोत. आपल्याकडचं घर असं एकट्यानं निवडता येत नाही. त्यात मेलेली माणसंही बोलतात, ती कागदातून.

आता कागदांचं बघा. निजामाच्या काळात सरकारी कामकाज उर्दूत, गावातली खासगी लिखापढी बरीचशी मोडीत, साल फसली आणि रक्कम हाली रुपयांत. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं. 1956 साली राज्य पुनर्रचना झाली. तेव्हाच्या नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा, कुबेर हा भाग आंध्राकडे गेला आणि धर्माबाद द्विभाषिक मुंबई राज्यात आलं. म्हणजे एकाच भिंतीचा इतिहास दोन-तीन भाषांत, दोन लिप्यांत, आणि कधी कधी दोन राज्यांच्या दप्तरांत विखुरलेला असू शकतो. तो वाचणारा माणूस शोधण्यातच महिने जातात.

मग किती मागे जायचं? कायद्यानं याचं उत्तर वर्षांत दिलंय. गहाण ठेवलेली मिळकत सोडवून घेण्याचा दावा 1908 च्या मुदत कायद्यानुसार 60 वर्षांपर्यंत करता येत होता. 1963 च्या कायद्यानं ती मुदत 30 वर्षांवर आणली. आजही वकील मंडळी साधारण 30 वर्षांचा 'सर्च' घेतात, त्याचं हे एक कारण. तेव्हा घर बघायला एक दुपार पुरते, ते कोणाचं आहे हे बघायला एक पिढी मागं जावं लागतं.

आणि इथं आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा येतो. सह्या कोणाकोणाच्या लागतात? 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं लेकीला बापाच्या मिळकतीत वारस केलं, पण त्याच कायद्यात कलम 23 होतं. कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी भाऊ करायला तयार होईपर्यंत बहिणीला मागता येत नव्हती. शेत मागता येईल, पण राहतं घर नाही. 1994 साली महाराष्ट्रानं आणि 2005 साली केंद्रानं लेकीला जन्मानंच सहहिस्सेदार केलं. कलम 23 गेलं तेही 2005 मध्येच. म्हणजे राहत्या घराच्या उंबऱ्यावर लेकीचा शब्द चालायला जवळजवळ अर्धं शतक लागलं.

त्यानंतर आपण काय केलं? हक्कसोडपत्र. गिऱ्हाईक घाई करतं, मध्यस्थ सांगतो, 'बहिणींच्या सह्या करून घ्या, मग इसार देतो.' बहीण सासरहून येते, जेवते, सही करते, परत जाते. तिला हिस्सा नको असतो असं नाही. माहेरचं दार बंद होऊ नये, भाऊबीजेला जायला जागा राहावी, म्हणून ती सही करते. कागद स्वच्छ होतो, खरेदीखत नोंदवलं जातं, आणि नव्या मालकाच्या घरी वास्तुशांत होते. कायद्यानं हे चालतं. पण नीतीच्या बाजूनं बघितलं तर या व्यवहारात सगळ्यात जास्त किंमत मोजणाऱ्या माणसाचं नाव किमतीच्या रकान्यात कुठंच नसतं.

कोणी म्हणेल, यात घेणाऱ्याचा काय दोष? दोष नसेल. पण त्याची घाई हे त्या सहीमागचं एक कारण असतं, हे नाकारता येत नाही. आणि व्यवहाराच्या भाषेतच सांगायचं तर न विचारलेली बहीण पुढे कोर्टात उभी राहू शकते.

तेव्हा घर बघायला जाल तेव्हा पाणी किती वेळ येतं, रस्ता किती फुटी, मोजणी झालीय का, बोजा आहे का, हे सगळं विचाराच. त्यात आणखी एक प्रश्न घाला : या घरातून किती लेकी सासरी गेल्या, आणि त्यांच्याशी नीट बोलणं झालंय का? उत्तर यायला महिनाभर जास्त लागला तर लागू द्या. आमच्या मते तो महिना शोधाच्या काळातच धरायचा.