तबकडीवरचे खाँसाहेब

आमच्या घरात मराठी नाटक आले ते कानावाटे. गावात नाट्यगृह नव्हते. तालुक्याला एखाद्या मंडळीचा दौरा आलाच, तर रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या खेळाला मुलांना पाठवायला अब्बा राजी नसत. मात्र गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या गुरुजींकडे रेकॉर्ड प्लेअर होता. रविवारी सकाळी ते खिडकी उघडी ठेवून 'कट्यार काळजात घुसली'ची गाणी लावत आणि आम्ही पोरे त्यांच्या ओट्यावर बसून ऐकत असू. सूर आमच्या अंगणापर्यंत पोचत. दादीने एकदा विचारले, "कोण गातंय रे?" आम्ही म्हणालो, "खाँसाहेब." "आपल्यातले?" "हो, आपल्यातलेच." दादीचे समाधान झाले. गाणाऱ्याचे नाव वसंतराव देशपांडे आहे, हे तेव्हा आम्हालाही ठाऊक नव्हते. आम्ही खोटे बोललो असे म्हणवत नाही आणि खरे बोललो असेही म्हणवत नाही. त्या उत्तरात खरे किती होते, याचा शोध म्हणजेच हा लेख.

पुढे अनेक वर्षांनी शहरात ते नाटक प्रत्यक्ष पाहिले आणि आम्ही चरकलो. तबकडीवरून ज्यांच्यावर जीव जडला होता, ते खाँसाहेब रंगमंचावर असूयेने पोळलेले, दार बंद करून बसलेले, विद्या मागायला आलेल्या पोराला हुसकावून लावणारे होते. तबकडीने हे कधी सांगितलेच नव्हते!

नाटकाची हकीकत थोडक्यात सांगायला हवी. नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी लिहिलेले आणि पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी संगीत दिलेले हे नाटक प्रभाकर पणशीकरांच्या 'नाट्यसंपदा'ने १९६७ साली रंगमंचावर आणले. विश्रामपूर नावाचे एक कल्पित संस्थान. तिथे राजगायकाच्या पदासाठी पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले यांच्यात सामना होतो. पद खाँसाहेबांना मिळते आणि त्या पदाबरोबर एक कट्यारही मिळते, जिने केलेला एक खून माफ असतो. पंडितजींकडे शिकण्याची आस धरून आलेला सदाशिव मग खाँसाहेबांच्या हवेलीत नोकर बनून राहतो आणि चोरून त्यांची गायकी उचलतो. खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांडे करीत, सदाशिव प्रसाद सावकार आणि पंडितजी भार्गवराम आचरेकर. कविराजाच्या भूमिकेत स्वतः पणशीकर असत आणि खाँसाहेबांची मुलगी झरीना होत्या फैयाज.

रंगमंचावर जे गातात त्यांच्याच आवाजात नाटकाची गाणी तबकडीवर आणायची, ही प्रथा आपल्याकडे जुनी आहे. अमेरिकेतल्या संगीत नाटकांच्या इतिहासात १९४३ साल मोठे मानले जाते. त्या वर्षी रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांच्या 'ओक्लाहोमा!'ची गाणी मूळ नटसंचाच्या आवाजात डेक्का कंपनीने तबकड्यांच्या संचातून काढली. ज्यांना न्यूयॉर्कचे तिकीट परवडणारे नव्हते त्यांच्याही दिवाणखान्यात ते नाटक गेले. आपल्याकडे बालगंधर्वांच्या पिढीतल्या गायक नटांच्या तबकड्या त्याच्या कितीतरी आधी घराघरांत आणि चहाच्या हॉटेलांत वाजत होत्या. फरक इतकाच, की आपल्याकडे एकेक पद सुटे निघे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. नाटकात 'वन्स मोअर' घेत अर्धा तास रंगणारे पद तेवढ्यात बसवावे लागे. कथा, संवाद, पोशाख, पडदे सारे मागे राही आणि हाती उरे तो गळा.

हे उणेपण आहे, आणि आमच्या मते तबकडीची ओढही त्यातच आहे. नाटक पाहणाऱ्याला निवाडा करावा लागतो. कोण सज्जन, कोण दुर्जन, कोण जिंकावा, कोण हरावा. तबकडी ऐकणाऱ्यावर हा भार नसतो. त्याच्यासमोर प्रत्येक पात्र आपल्या सर्वोत्तम क्षणीच उभे राहते, कारण पात्र गाते तेव्हा ते सर्वोत्तमच असते. खाँसाहेबांचा मत्सर संवादांत आहे आणि गाण्यात आहे ती त्यांची तपश्चर्या. म्हणून तबकडीवरचे खाँसाहेब निष्पाप आहेत.

'कट्यार'च्या गाण्यांत आणखी एक गंमत आहे. हे नाटक गायकीविषयीच असल्यामुळे गाणे हाच इथे युक्तिवाद होतो. 'घेई छंद' हे एकच पद दोन रूपांत येते. पंडितजींच्या ढंगात ते धानी रागात शांतपणे उलगडते. खाँसाहेबांच्या ढंगात तेच शब्द सालगवराळीत येतात आणि तानांच्या लखलखाटात कुठल्या कुठे जातात. शब्द तेच, स्वभाव वेगळे. दोन घराण्यांतला फरक समजावून सांगायला पानेच्या पाने लागली असती. तो या दोन गाण्यांत शाळकरी पोरालाही कळतो. ओट्यावर बसून आम्ही भांडत असू, कुणाचे चांगले म्हणून. गुरुजी हसून तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावत. दोन्ही चांगली असू शकतात, हे आम्हाला कुणी व्याख्यान देऊन शिकवले नाही.

भाषेचेही तसेच. एकीकडे 'सुरत पिया की' ही हिंदी बंदिश, दुसरीकडे सूर्याला उद्देशून असलेले 'तेजोनिधी लोहगोल' हे संस्कृतप्रचुर मराठी पद. दोन्ही त्याच गळ्यातून, त्याच हुकमतीने. घरात दखनी, शाळेत मराठी आणि मदरशात उर्दू अशा तीन घाटांवर पाणी भरणाऱ्या आमच्यासारख्या मुलांना हे वेगळे वाटलेच नाही. आमचे बोलणे तरी याहून वेगळे कुठे होते?

आता त्या गळ्याविषयी. वसंतराव १९२० साली मूर्तिजापूरला जन्मले, नागपुरात वाढले, शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. तरुणपणी लाहोरला जाऊन ते असद अली खाँ यांच्यापाशी राहिले आणि तिथे त्यांनी मारवा घोटला. पुढे मुंबईत भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँ यांचीही विद्या त्यांना लाभली. दीनानाथ मंगेशकरांची आक्रमक गायकी तर त्यांच्या मनात लहानपणापासून होतीच. लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करीत गाणे सांभाळणारा हा कलावंत सत्तेचाळिसाव्या वर्षी खाँसाहेब झाला आणि घरोघरी पोचला. संगीतकार अभिषेकींचेही तसेच. गोव्यातल्या मंगेशीच्या देवळाच्या परिसरात वाढलेल्या या माणसाने उस्ताद अजमत हुसेन खाँ यांच्याकडे तालीम घेतली. त्यांचे दुसरे गुरू जगन्नाथबुवा पुरोहित हे आग्र्याच्या विलायत हुसेन खाँ यांचे शागीर्द.

मागे गेले तर ही साखळी लांबतच जाते. १९१६च्या 'स्वयंवर'ला चाली देणारे भास्करबुवा बखले हे फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तिघांचे शिष्य. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष. मिरजेला स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँ यांनी १९११च्या 'मानापमान'मधले 'चंद्रिका ही जणू' हे पद स्वतःच्या आवाजात तबकडीवर गायिले. किराण्याच्या या उस्तादाचे मराठी ऐकून कुणाला हसू आले असेल, पण सूर ऐकून हसणारा माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर आणि पुत्र सुरेशबाबू माने यांनी पुढे मराठी नाट्यसंगीताची सेवा केली. वसंतरावांनी सुरेशबाबूंकडूनही घेतले.

हे सारे इथे मांडण्याचे कारण आहे. आमच्या साहित्यिक बैठकांत 'कट्यार'चा विषय निघाला की एक तक्रार हमखास होते. ज्या उस्तादांनी ब्राह्मण शिष्यांना पोटच्या पोरासारखे शिकवले, त्यांचा प्रतिनिधी म्हणून मराठी रंगभूमीने विद्या नाकारणारा खाँसाहेब का उभा करावा? ही तक्रार आम्हाला पोकळ वाटत नाही. मराठी नाटकात मुसलमान पात्रे मुळात थोडी. त्यातले सर्वांत गाजलेले पात्र असूयेचे प्रतीक व्हावे, ही गोष्ट बोचतेच. २०१५ साली सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली याच कथेवर चित्रपट निघाला आणि नवी पिढी चित्रपटगृहांकडे लोटली, तेव्हा ही बोच पुन्हा जाणवली. आमच्याच घरातल्या एका भाचीने चित्रपट पाहून आल्यावर विचारले, "मामू, आपले लोक असे होते का?"

तिला काय सांगायचे? दुसरी बाजूही आहे, आणि ती झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. घराण्याच्या चिजा दडवून ठेवणे, शागिर्दाला वर्षानुवर्षे तिष्ठत ठेवणे, हे घडत होते. त्यात हिंदूही होते आणि मुसलमानही. दारव्हेकरांनी लढत लावली ती दोन गायक्यांत, दोन धर्मांत नव्हे, असे आमचे वाचन आहे. त्यांनी खाँसाहेबांना क्षुद्र केले नाही. त्यांना असूया दिली, पण त्या असूयेइतकाच मोठा गळाही दिला. आणि त्याच घरात झरीनाही ठेवली, जिच्या मनात सदाशिवविषयी द्वेष नाही.

या झरीनेविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. सोलापूरच्या फैयाज शेख मराठी रंगभूमीवर केवळ 'फैयाज' या नावाने ओळखल्या गेल्या. २०१५ साली बेळगावला भरलेल्या ९५व्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. एका मुसलमान घरातल्या मुलीने नाटकात काम करायचे आणि गायचे, याला त्या काळी मोहल्ल्यात काय काय ऐकावे लागत असेल, ते आपणा वाचकांना वेगळे सांगायला नको. गाणेबजावणे म्हटले की भुवया उंचावणारी वडीलधारी माणसे आपल्या सर्वांच्याच घरांत होती. तरीही तबकडीवर झरीनेचा आवाज लागला की त्याच घरांतल्या बाया हातातले काम थांबवून ऐकत. दाराआड उभे राहून ऐकलेल्या त्या गाण्यांचा हिशेब कुठल्याच इतिहासात नाही.

तेव्हा भाचीला आम्ही लांबलचक उत्तर दिले नाही. तिच्याच मोबाइलवर वसंतरावांचे जुने ध्वनिमुद्रण लावायला सांगितले. आता तबकडी नाही, ऐंशीच्या दशकात आलेली कॅसेटही गेली, पण आवाज तोच आहे. गाणे संपल्यावर तिला म्हटले, "नाटकातल्या खाँसाहेबांनी सदाशिवला शिकवले नाही, हे खरे. पण हे गाणारे देशपांडे आहेत, आणि त्यांना मारवा शिकवणारे खाँसाहेब लाहोरचे होते. त्यांनी दार उघडले नसते, तर हा आवाज असा घडला असता का?" ती गप्प राहिली. मग म्हणाली, "पुन्हा लाव ना."

संहितेतला खाँसाहेब विद्या नाकारतो आणि तबकडीतला आवाज साक्ष देतो की विद्या दिली गेली होती. कथा आणि पुरावा एकाच नाटकात असे आमनेसामने उभे आहेत. कथा पाहणाऱ्यांनी पुरावाही ऐकावा, एवढेच आमचे मागणे आहे.

वसंतराव १९८३ साली गेले. २०१०मध्ये त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी नाटक पुन्हा उभे केले आणि आजोबांची भूमिका स्वतः केली. चित्रपटात खाँसाहेबांची गाणीही त्यांनीच गायिली. असद अली खाँ यांच्या विद्येची वाट अशी एका नातवाच्या गळ्यापर्यंत आली. दादी आज असती आणि तिने "आपल्यातले?" म्हणून पुन्हा विचारले असते, तर आमचे उत्तर बदलले नसते. फक्त या वेळी ते आम्ही जाणून दिले असते.