कोठार आणि कायदा



आपल्या शेजारच्या मंगळवेढ्याची कथा आपणांपैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली आहे. दुष्काळ पडला, माणसे अन्नान्न करू लागली, तेव्हा दामाजीपंतांनी बेदरच्या बादशहाचे कोठार रयतेसाठी खुले केले. आणि पुढे खुद्द विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन त्या धान्याची किंमत बेदरला भरली. कथा गोड आहे. परंतु ती ऐकताना माझ्या मनात नेहमी एक शंका येई. त्या साली दामाजीपंतांच्या जागी दुसरा कोणी अंमलदार असता, तर रयतेने कोणाच्या तोंडाकडे पाहावयाचे होते?

आज ज्या गृहस्थांविषयी मी बोलणार आहे, त्यांच्या विधानसभेतील कामाकडे मी या शंकेच्या बाजूने पाहतो. सांगोल्यात त्यांचे नाव सांगावयाची गरज नाही. गणपतराव देशमुख, म्हणजे आपले आबा. त्यांच्या साधेपणाच्या आणि एस.टी.च्या प्रवासाच्या आठवणी आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. मी त्यांत भर घालणार नाही. विरोधी बाकांवर बसणारा आमदार नेमके काम तरी काय करतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रथम हिशेब पाहू. मोहोळ तालुक्यातील पेनूरचे हे वकील १९६२ साली शेतकरी कामगार पक्षातर्फे सांगोल्यातून प्रथम निवडून आले. त्या विधानसभेत २६४ जागा होत्या. त्यांपैकी काँग्रेसच्या २१५ आणि शेकापच्या अवघ्या १५. त्यानंतर १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४, असे एकूण अकरा वेळा सांगोल्याने त्यांना मुंबईस धाडले. दोनदा घरीही बसविले : १९७२ साली, आणि १९९५ साली केवळ १९२ मतांनी. २०१४ साली ते अखेरचे निवडून आले, तेव्हा त्यांच्या पक्षाचे सभागृहात तीनच सभासद होते. काही काळ ते विरोधी पक्षनेते होते. १९७८ च्या पुलोद मंत्रिमंडळात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात ते मंत्रीही झाले. परंतु ती दोन्ही मंत्रिपदे मिळून पाच वर्षेही भरत नाहीत. उरलेली पंचेचाळीसांहून अधिक वर्षे अशा बाकांवर गेली, जेथून एकही ठराव मतांच्या जोरावर मंजूर करून घेता येत नाही.

मग या माणसाने तेथे बसून मिळविले काय? हा प्रश्न मला आमच्या कामगार चळवळीतून सुटला. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तरुणपणी एका कारखान्यात बोनसचा तंटा मिटविला तेव्हा मालकाने आमच्यासमोर शब्द दिला, आम्ही हार घालून बाहेर आलो, आणि दिवाळीला त्याच मालकाने विचारले, 'कसला शब्द?' आमच्याजवळ कागद नव्हता. त्या दिवसापासून मी बैठकीचे इतिवृत्त लिहिल्याशिवाय आणि त्यावर सही घेतल्याशिवाय उठत नाही. ज्याच्या हाती सत्ता नाही, त्याचे पहिले हत्यार म्हणजे नोंद.

विधानसभेची सगळी आयुधे या नोंदीचीच आहेत. तारांकित प्रश्न घ्या. त्याला मंत्र्यास सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते, आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. खरा वकील तेथे दिसतो. पहिला प्रश्न कोणीही लिहून देईल, परंतु मंत्र्याच्या उत्तरातील फट ओळखून दुसरा प्रश्न टाकण्यास अभ्यास लागतो. उत्तर अपुरे वाटले तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. तातडीची गोष्ट असेल तर लक्षवेधी सूचना आहे. ही पद्धत इंग्रजांकडून आलेली नव्हे; ती आपल्या लोकसभेने १९५४ साली स्वतः घडविली. अंदाजपत्रकाच्या वेळी कपात सूचना असते. एखाद्या खात्याच्या मागणीतून शंभर रुपये कमी करा असे सभासद म्हणतो, तेव्हा त्याला ते शंभर रुपये वाचवावयाचे नसतात. त्या शंभर रुपयांच्या निमित्ताने आपल्या तालुक्याच्या बंद पडलेल्या बंधाऱ्याविषयी त्याला बोलावयाचे असते, आणि मंत्र्यास उत्तर द्यावयास लावावयाचे असते.

आणि मंत्री बोलता बोलता 'चौकशी करू', 'सहा महिन्यांत काम पुरे करू' असे म्हणाला, की ते वाक्य त्याचे राहत नाही. ते कार्यवाहीत छापले जाते, आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. लोकसभेत अशी समिती १९५३ साली झाली. आपल्या विधिमंडळातही ती आहे. मालकाने 'कसला शब्द?' असे विचारावयाची सोय तेथे ठेवलेली नाही. मात्र एक अट आहे : तो शब्द पुन्हा पुन्हा वाचून दाखविणारा सभासद सभागृहात हजर पाहिजे.

आता दुष्काळाकडे वळू. सांगोला हा पर्जन्यछायेतला तालुका. माण नदी आपली खरी, पण वर्षातले बहुतेक महिने तिच्यात वाळू. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा मी वर्षा-दीड वर्षाचा होतो. माझी आई मला झोळीत बांधून दुष्काळी कामावर खडी फोडावयास नेत असे. तिच्या बोटांवरच्या खुणा शेवटपर्यंत गेल्या नाहीत. आणि ज्या वर्षी तालुक्याला आपल्या माणसाची सर्वांत अधिक गरज, नेमके त्याच वर्षी आबा निवडणूक हरून सभागृहाबाहेर होते. १९७४ च्या पोटनिवडणुकीने ते परत गेले.

त्याआधी विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६५ साली रोजगार हमीचा प्रयोग केला होता. दुष्काळाने तो राज्यभर नेला, आणि १९७७ साली विधिमंडळाने त्याचा कायदा एकमताने मंजूर केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितले की पंधरा दिवसांत ते मिळाले पाहिजे, न मिळाल्यास बेकारी भत्ता, आणि स्त्रीपुरुषांना कामाचा दर एकच. दामाजीपंतांचे कोठार येथे कायद्यात आले. विठ्ठलाने भरलेली किंमत येथे कोणी भरली? शहरातल्या नोकरदाराने आणि गिरणी कामगाराने. १९७५ पासून पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर या योजनेला लावला गेला, आणि सरकारने तितकीच भर घातली. आमच्या सभांतून या कपातीविरुद्ध कुरकुर होई. तेव्हा मी माझ्या आईची झोळी सांगत असे. शेतकरी आणि कामगार हे दोन शब्द एका पक्षाच्या नावात जोडणे सोपे. ते पगारपत्रकावर जोडले गेले ते या कायद्याने.

श्रेय एकट्या आबांचे आहे असे मी म्हणत नाही. श्रेय पागेसाहेबांचे, त्या सभागृहाचे, आणि कामासाठी तहसील कचेरीवर मोर्चे नेणाऱ्या बायाबापड्यांचे. पण कायदा केल्याने काम संपत नाही. हजेरीपट खोटे निघतात, मोजमाप उशिरा होते, मजुरी अडते. त्यासाठी दोन्ही सभागृहांच्या सभासदांची रोजगार हमी समिती जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन कामे पाहत आली. १९९९ नंतर ते खाते आबांकडेच आले. आयुष्यभर ज्या खुर्चीला प्रश्न विचारले, तिच्यावर बसून उत्तर देण्याची पाळी त्यांच्यावर आली, आणि काही काळाने ते पुन्हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाकांवर गेले. आणि २००५ साली संसदेने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा डोळ्यांसमोर महाराष्ट्राचाच अनुभव होता.

पाण्याच्या बाबतीत मात्र या बाकांची मर्यादा दिसते, आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. बच्छावत लवादाने १९७६ साली कृष्णेचे ५६० टीएमसी पाणी महाराष्ट्राच्या वाट्यास दिले, आणि २००० सालानंतर वाटपाचा फेरविचार होऊ शकेल असे म्हटले. पाणी कागदावर होते, शिवारात नव्हते. सभागृहातील भाषणे पुरत नाहीत हे ओळखून आबा रस्त्यावर आले. नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबर, १९९३ पासून आटपाडीला भरू लागलेल्या पाणी परिषदेत, तेरा दुष्काळी तालुक्यांनी समान पाणी मागितले. १९९६ साली कृष्णा खोरे महामंडळ झाले, कऱ्हाडजवळच्या टेंभू येथून पाणी उचलण्याचे काम निघाले, आणि पुढे ते पाणी माणच्या खोऱ्याकडे वळले. १९६२ साली ज्या शेतकऱ्याने पहिले मत दिले, त्याच्या नातवाने ते पाहिले. एवढी वर्षे लागावयास नको होती. सत्तेत असते तर लवकर झाले असते, असे म्हणणारे सांगोल्यात आहेत. त्यांचे म्हणणे मी खोडून काढीत नाही. एवढेच विचारतो, की सत्तेतल्या माणसांनी तरी मागणीवाचून पाणी आपण होऊन कोणत्या माळावर नेले?

३० जुलै २०२१ रोजी आबा गेले. त्यांच्या तसबिरी घरोघर लागल्या, ते योग्यच झाले. पण माझी एक सूचना आहे. विधानसभेची छापील कार्यवाही ही आपलीच मालमत्ता आहे. तिच्यातील सांगोल्याविषयीचे प्रश्नोत्तर आपल्या वाचनालयात एकत्र ठेवावे, आणि पुढे जो कोणी आपला प्रतिनिधी होईल, पक्ष कोणताही असो, त्याला दर अधिवेशनानंतर विचारावे : किती दिवस हजर होता? काय विचारले? काय शब्द घेऊन आलात? असे विचारणारे गाव असले, तर पुढच्या दुष्काळात दामाजीपंतांची वाट पाहावी लागणार नाही.