शब्दाला जागणं : बडोदा, महाड, येवला आणि आपली भिवंडी

आपल्या अभ्यासवर्गात एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुतेक वेळा गोदामात ठेकेदारामार्फत राबणारा किंवा लूमवर बारा तासांची पाळी करून आलेला तरुण असतो. "ज्या व्यवस्थेने आपल्याला दिलेला एक शब्द पाळला नाही, तिथे आपणच का शब्दाला जागायचं? वेळेवर जायचं, घेतलेलं काम पुरं करायचं, उचल फेडायची, सगळं आपल्यालाच का?" या प्रश्नाला उद्धट म्हणून मोकळं होता येत नाही. प्रामाणिकपणावर प्रवचन दिलं तर पोरगा गप्प बसेल, पण पुढच्या रविवारी येणार नाही.

भिवंडीत राहणाऱ्याला हा प्रश्न कुठून येतो ते कळतं. हे शहर तोंडी शब्दावर चालतं. मीटरवर मजुरी, पंधरवड्याला हिशोब, नेमणुकीचा कागद नाही, हजेरीची पावती नाही. शब्द दिला मालकाने, फिरवला मालकाने, मजुराने दाखवायचं काय? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते तेव्हा कारखान्यातलं आठवड्याचं कमाल काम ५४ तासांवरून ४८ वर आणण्याचा कायदा झाला, १९४६ साली. त्याला ऐंशी वर्षं होत आली. आपल्या गल्लीतल्या शेडमध्ये रात्री आठ वाजता डोकावून बघा, बारा तासांची एक पाळी सुटते आणि दुसरी उभी राहते. कायदा हाही दिलेला शब्दच असतो.

शब्द पाळायचा तो खालच्याने आणि मोडायची मुभा वरच्याला, ही रीत कारखानदारीने शोधलेली नाही. गावगाड्यात शिवेचा तंटा झाला की महाराची साक्ष प्रमाण मानत. वसुलाची रक्कम खजिन्यात पोचवायची तर सोबतीला महारच लागे. म्हणजे गावाची हद्द त्याच्या शब्दावर ठरायची, पैसा त्याच्या इमानावर सुखरूप पोचायचा. आणि त्याचं स्वतःचं बलुतं मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर. विश्वास ठेवत होते, पण पाणी देत नव्हते. जातीची व्यवस्था समजून घ्यायला एवढं एक उदाहरण पुरतं असं मला समाजशास्त्र शिकताना वाटायचं, आजही वाटतं.

तेव्हा त्या तरुणाचा प्रश्न बाबासाहेबांपुढेही होता, आणि आपल्यापेक्षा कितीतरी धारदार. त्यांनी त्याचं काय केलं ते बघू.

४ जून १९१३. बडोदा संस्थानाशी बाबासाहेबांनी करार केला: अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळेल, शिक्षण झाल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची. वय बावीस. वडील रामजी चारच महिन्यांपूर्वी गेलेले. बडोद्यातली हवा काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, कारण त्याच वर्षी जानेवारीत ते तिथे थोडे दिवस नोकरीला जाऊन आले होते. ठाऊक असूनही सही केली. पुढे कोलंबियातून लंडनला गेले, तिथे अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी दोन्हींचा अभ्यास सुरू असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईत उतरले. त्यांची पुस्तकं वेगळ्या जहाजाने येत होती, ते जहाज महायुद्धात बुडालं. बुडालेल्या सामानाची जी भरपाई मिळाली, तिच्यातून बडोद्याच्या प्रवासाचा खर्च भागला.

पुढचं आपल्याला पाठ आहे, पण ते फक्त अपमानाची कथा म्हणून पाठ आहे. शिपाई लांबून फायली टाकतात, कचेरीत प्यायला पाणी मिळत नाही, शहरात खोली मिळत नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावं लागतं आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात येतात. दिवाणाकडून सोय होत नाही, ओळखीचे घर देत नाहीत. सार्वजनिक बागेत बसून त्यांनी रात्रीच्या गाडीची वाट पाहिली.

मित्रांनो, माझं म्हणणं या कथेच्या आधीच्या भागाबद्दल आहे. कोलंबियाचा एम.ए. हातात असलेला माणूस मुंबईत उतरून दुसरी वाट धरू शकला असता. कारणंही तयार होती. तरी ते आधी बडोद्याला गेले. करारातली आपली बाजू घेऊन कचेरीत हजर झाले. दहा वर्षं पुरी झाली नाहीत, खरं आहे. पण कुणामुळे? ज्या कचेरीने नोकराला पाणी आणि निवारा दिला नाही, तिनेच करार मोडला. आणि हे आपण आज ठामपणे म्हणू शकतो, कारण त्यांनी आपली बाजू अपुरी ठेवली नव्हती. ते गेलेच नसते, तर बडोद्याच्या दप्तरात काय राहिलं असतं? 'शिष्यवृत्ती घेऊन परागंदा झालेला एक महार विद्यार्थी.' एवढीच ओळ.

सयाजीरावांबद्दल कृतज्ञता ठेवूनही हे म्हणता येतं. राजाचा शब्द आणि कचेरीचा व्यवहार या दोन निराळ्या गोष्टी. आपल्याकडे जीआर आणि तलाठी असतात, तशाच.

याच काळात आणखी एक शब्द होता, त्याची चर्चा कमी होते. लंडनचा अर्धवट अभ्यास ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाने दिली होती. पैसा नाही, घरात खाणारी तोंडं अनेक. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेनांकडून कर्ज घेतलं आणि १९२० मध्ये, मुदत संपायच्या आत, ते लंडनला पोचले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. हा शब्द ऐकायला सभा नव्हती, टाळ्या नव्हत्या.

आता महाड. इथे समोरच्याने दिलेल्या शब्दाचं काय होतं ते दिसतं. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपलाही ठराव करून चवदार तळं खुलं केलं. कागदावर. तळ्याला त्याचा पत्ताच नव्हता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो लोक तो कागद पायांनी चालत तळ्यापर्यंत घेऊन गेले, पाणी प्यायले, आणि परतणाऱ्यांवर हल्ले झाले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तारीख बघा. बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी.

डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद. या वेळी सनातन्यांनी दावा लावून कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम आणला होता. २५ तारखेला मनुस्मृती जाळली गेली. तळ्यावर जाऊन तुरुंगात जायची तयारी असलेल्यांची नावं नोंदली गेली, ती हजारोंच्या घरात होती. कोकणातून भाकरी बांधून आलेली माणसं होती ती. त्यांनी शब्द दिला होता. आणि बाबासाहेबांनी त्यांना सत्याग्रह तहकूब करायला सांगितलं.

इथे काहींना आजही अडखळायला होतं. नेत्याने ऐन वेळी माघार घेतली का? मला तसं वाटत नाही, कारण पुढची दहा वर्षं आपल्यासमोर आहेत. तो दावा महाडच्या कोर्टापासून हायकोर्टापर्यंत लढवला गेला. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाने सनातन्यांचं अपील फेटाळलं. पहिल्या सत्याग्रहाला दहा वर्षं व्हायला तीन दिवस कमी. या दहा वर्षांत बाबासाहेब गोलमेज परिषदांना गेले, पुणे करार झाला, काळाराम मंदिराचा लढा झाला, नवा पक्ष निघाला. महाडची फाईल बंद झाली नाही. नगरपालिकेने आपलं म्हणणंच गिळलं. बाबासाहेबांनी फक्त दिवस पुढे ढकलला. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी फाईल उघडली की नाही यावरून ठरतो.

येवल्याबद्दल फार लिहीत नाही, आपल्या पोरांना ती तारीख झोपेतही सांगता येते. १३ ऑक्टोबर १९३५: हिंदू म्हणून जन्मलो, हिंदू म्हणून मरणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६: नागपूर. मध्ये एकवीस वर्षं आणि एक दिवस. पण मधलं काम आपण मोजत नाही. १९३६ च्या मे महिन्यात मुंबईत महार परिषद घेऊन त्यांनी लोकांपुढे हा विषय सविस्तर मांडला. मग वाचन, १९५० ला कोलंबो, १९५४ ला रंगून, धम्मावरचा ग्रंथ. मधुमेहाने शरीर पोखरलेलं, पाय दुखणारे. दीक्षेनंतर ते अवघे ५३ दिवस जगले. एवढं उशिरा का, असं विचारणारे आहेत. लाखो लोकांना सोबत न्यायचं होतं म्हणून, हे माझं उत्तर. दीक्षा देताना त्या लोकांकडूनही त्यांनी बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. त्यात खोटं न बोलण्याची प्रतिज्ञा आहे.

मुंबईतही डिसेंबरच्या मध्याला दीक्षा सोहळा व्हायचा होता. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर, अंत्यसंस्काराच्या जागीच, भदंत आनंद कौसल्यायनांनी जमलेल्या जनसमुदायाला दीक्षा दिली. ज्याला शब्द दिला तो माणूस समोर निजलेला होता आणि लोकांनी शब्द पाळला.

म्हणून त्या लूमवाल्या तरुणाला मी सांगतो, की शब्दाला जागणं म्हणजे सेठपुढे मान तुकवणं नव्हे. आपली बाजू पुरी करायची आणि समोरच्याची लिहून ठेवायची. खिशात दहा रुपयांची वही ठेव. तारीख, पाळी, मीटर, मिळालेली उचल, कापलेली उचल. उचल घेतलीस तर तीही खरीच लिही, नाहीतर बाकीच्या वहीला किंमत राहत नाही. मजुरीच्या भांडणात अशी वही समोर ठेवली की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे.

त्याला सांगायचं ते सांगून झालं. आपल्याला, म्हणजे कार्यकर्त्यांना, मात्र अजून ऐकायचं आहे. १४ एप्रिलच्या माइकवर आपण अभ्यासिका देतो, वाचनालय देतो, वकील देतो. जयंतीच्या वर्गणीचा हिशोब पुढच्या जयंतीपर्यंत फळ्यावर लागत नाही, आणि विचारलं तर विचारणारा फुटीर ठरतो. हेही एक वेळ राहू द्या. थकलेल्या मजुरीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आपण म्हणतो, "सोमवारी अकराला या, आपण कामगार कार्यालयात जाऊ." मग सोमवारी सकाळी कुठली तरी मीटिंग निघते, फोन सायलेंटवर जातो. तो मात्र पाळी बुडवून, दिवसाची मजुरी सोडून, कागदांची प्लॅस्टिकची पिशवी काखेत धरून अकरा वाजता कार्यालयाच्या दारात उभा असतो. दीडपर्यंत थांबतो. जेवणाची सुट्टी झाली म्हणून शिपाई बाहेर जायला सांगतो, तेव्हा निघतो.