सक्ती झाली म्हणून माणसं गेली? 1896 ची मुंबई आणि 2021 ची विमानं



ऑक्टोबर 2021 ची गोष्ट. दिवाळीच्या आधी मी मंगरूळपीरला घरी गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर काकांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. मेसेज असा होता, की अमेरिकेत विमान कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना लस सक्तीची केली, वैमानिक कामावरच आले नाहीत, आणि दोन दिवसांत हजारो विमानं रद्द झाली. काका म्हणाले, "काहून रे, तू तं एवढं शिकून राहिला. हे खरं हाय का?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. "पाहून सांगतो," एवढंच म्हणालो. पण नंतर लक्षात आलं, की मी ज्या विषयावर पीएचडी करतोय त्याचाच हा प्रश्न आहे. माझा विषय 1896 पासूनची मुंबईतली प्लेगची साथ आणि तिथले कामगार. तिथेही हेच विचारावं लागतं : साथ आली, सरकारने सक्ती केली, कामगार निघून गेले. मग ते सक्तीमुळे गेले का? आणि नेमक्या कोणत्या सक्तीमुळे?

ज्यांना पुढे संशोधनाला यायचं आहे, त्यांच्यासाठी ही दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवतो.

आधी मुंबई

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. मांडवी म्हणजे गोदीजवळची धान्याच्या वखारींची वस्ती. 1891 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या 8 लाख 21 हजारांच्या आसपास होती. फेब्रुवारी 1897 पर्यंत त्यातले सुमारे पावणेचार लाख लोक शहर सोडून गेले, असा अंदाज सांगितला जातो. अंदाज थोडा इकडेतिकडे धरला तरी शहर निम्म्याच्या जवळपास रिकामं झालं होतं.

गिरण्यांची अवस्था काय झाली असेल, विचार करा. गिरणी कामगारांत मोठा भाग रत्नागिरीकडचा. बोटीत बसलं की गाव. एरवी गिरणीत पगार महिन्याने व्हायचा, तोही काही आठवडे मागे ठेवून. म्हणजे कामगार मध्येच गेला तर त्याचे पैसे मालकाकडे अडकलेले. साथीच्या त्या महिन्यांत हे उलटं झालं. हातांची इतकी टंचाई झाली, की नाक्यानाक्यावर कामगारांसाठी बोली लागू लागली. कामगार रोजच्या रोज मजुरी मागू लागले आणि मालकांना ती द्यावी लागली. मॉरिस डेव्हिड मॉरिस आणि राजनारायण चंदावरकर या दोघांचं मुंबईच्या कामगारांवरचं काम या क्षेत्रात येणाऱ्याने वाचायलाच हवं.

आता आपला प्रश्न. मी एका चर्चासत्रात हा विषय मांडला तेव्हा एकाने सहज म्हटलं, "म्हणजे लोक लसीला घाबरून पळाले." ऐकायला पटतं. पण तारखा लावून बघा.

म्युनिसिपल कमिशनर स्नो यांचा आदेश निघाला 6 ऑक्टोबर 1896 ला. त्यात घरात शिरण्याचे, रुग्णाला हलवण्याचे, वेगळं ठेवण्याचे अधिकार होते, गरज पडली तर बळ वापरून. लोक शहर सोडू लागले ते याच सुमारास. 29 ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. हेच आजचं कस्तुरबा रुग्णालय. आणि लस? हाफकिन मुंबईत आले ऑक्टोबर 1896 मध्ये. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्या जागेत त्यांनी लस तयार केली. 10 जानेवारी 1897 ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा तिथल्या कैद्यांवर ती वापरली गेली.

म्हणजे माणसं निघाली तेव्हा लस अस्तित्वातच नव्हती. त्यामुळे लसीला घाबरून पळाले हे म्हणणं इथेच संपतं.

मग ते कशाला घाबरले? पहिलं अर्थातच मरणाला. दुसरं, दवाखान्याला. दवाखान्यात गेलेला माणूस परत येत नाही, हे लोक डोळ्यांनी बघत होते, कारण तिथे नेलं जायचं तेव्हा बहुतेकदा वेळ गेलेली असायची. त्यातून अफवा पसरल्या. रुग्णाला उलटं टांगून त्याच्यातून मोमियाई काढतात, ही त्यातली एक. या अफवांना नुसतं अडाणीपणा म्हणून सोडून देऊ नका. घरातल्या माणसाला कुठे नेलं, त्याचं काय केलं, त्याला आपल्या रीतीने अग्नी किंवा माती मिळाली का, हे कोणी सांगत नसेल तर ती जागा अफवा भरून काढते. शिवाय 1896-97 हे दुष्काळाचंही वर्ष होतं. त्यामुळे गावाकडे जाणं प्रत्येकाला सारखंच सोपं नव्हतं. "साथ आली, लोक गेले" या एका ओळीत इतकी कारणं दडलेली असतात.

स्नो यांनी माघार का घेतली?

माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. आदेश निघून महिनाही झाला नव्हता, तेवढ्यात स्नो यांनी सक्ती बरीच सैल केली. दंगलीची भीती होतीच. पण त्यांची मोठी भीती वेगळी होती. शहरातले सफाई कामगार, ज्यांना तेव्हाच्या कागदांत हलालखोर म्हटलं आहे, ते निघून गेले तर काय? गिरणी बंद पडली तर मालकाचं नुकसान. मैला उचलणारा गेला तर आठवड्याभरात शहर राहण्याजोगं उरणार नाही. शहराच्या उतरंडीत सगळ्यात खाली ठेवलेल्या माणसांच्या जाण्याच्या शक्यतेने कमिशनरला मागे सरकवलं.

पुढे 4 फेब्रुवारी 1897 ला साथरोग कायदा आला आणि मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या प्लेग समितीने पुन्हा झडत्या, विलगीकरण, स्थानकांवर तपासणी सुरू केली. पुण्यात रँडच्या कारभाराचं काय झालं, 22 जून 1897 ला काय घडलं, ते तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. पण लसीच्या बाबतीत सरकार सावध राहिलं. लस सर्वांना सक्तीची करणारा कायदा केला नाही. त्याऐवजी वेगळी वाट काढली : लस घेतल्याचा दाखला असेल तर विलगीकरणातून आणि प्रवासातल्या अडवणुकीतून सवलत. हुबळीत 1898 मध्ये मोठ्या प्रमाणावर लसीकरण झालं, त्यात कापडगिरणी आणि रेल्वेचे कामगारही होते. नाव ऐच्छिक, पण नाही घेतली तर छावणी. याला सक्ती म्हणायचं की निवड, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आता विमानं

काकांच्या मेसेजकडे येऊ. साउथवेस्ट या अमेरिकन कंपनीने 9 आणि 10 ऑक्टोबर 2021 या शनिवार-रविवारी 1,800 हून जास्त उड्डाणं रद्द केली, हे खरं. त्याच आठवड्याच्या सुरुवातीला, 4 ऑक्टोबरला, कंपनीने लस सक्तीची जाहीर केली होती, हेही खरं. त्यांच्या वैमानिकांची संघटना या सक्तीविरुद्ध कोर्टात गेली होती, तेही खरं. तिन्ही गोष्टी खऱ्या, आणि त्या जोडून केलेलं विधान मात्र सिद्ध होत नाही. आपल्याकडे म्हणतात ना, कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

पुन्हा तारखा बघा. लस घेण्याची मुदत डिसेंबरपर्यंत होती. त्या शनिवारी लशीपायी कोणालाही कामावरून काढलेलं नव्हतं. वैमानिक ठरवून आजारी पडले, हे कंपनीने नाकारलं आणि संघटनेनेही नाकारलं. कोर्टात एकमेकांसमोर उभे असलेले दोन पक्ष एकच गोष्ट सांगतात तेव्हा तिचं वजन थोडं वाढतं. थोडंच, कारण दोघांनाही तसं म्हणण्यात फायदा होता. आठ तारखेला फ्लोरिडाकडचं हवामान बिघडलं होतं आणि तिथल्या हवाई नियंत्रण केंद्रात काही तास माणसं कमी होती. एवढ्याशा धक्क्याने दोन दिवस कोलमडायचं कारण मात्र आधीचं होतं. 2020 मध्ये प्रवासी जवळजवळ संपले तेव्हा अमेरिकन कंपन्यांनी हजारो लोकांना लवकर निवृत्ती आणि लांब रजा दिल्या होत्या. 2021 च्या उन्हाळ्यात प्रवासी परतले, माणसं तेवढी परतली नाहीत.

युनायटेड कंपनीचं उदाहरण याहून सरळ आहे, कारण तिथे मुदत खरोखर संपली. ऑगस्ट 2021 मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या सुमारे 67,000 कर्मचाऱ्यांना लस सक्तीची केली. सप्टेंबरअखेर मुदत संपली तेव्हा 593 जण नोकरी जाण्याच्या उंबरठ्यावर होते, आणि पुढच्या काही दिवसांत तो आकडाही खाली आला. धर्म किंवा आजाराच्या कारणाने सूट मागणारे सुमारे 2,000 वेगळे होते. त्यांना बिनपगारी रजेवर पाठवण्यावरून कोर्टकचेरी झाली. ज्यांची नोकरी गेली त्यांच्यासाठी ती मोठी गोष्ट आहे, ती आकड्यात विरघळवू नका. पण विमानं थांबावीत इतकी माणसं सक्तीमुळे गेली नाहीत. उलट डिसेंबर-जानेवारीत ओमायक्रॉन आला तेव्हा एकाच वेळी सुमारे 3,000 कर्मचारी बाधित असल्याचं कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं. विमानं तेव्हा रद्द झाली, ती आजारामुळे.

आणि आपल्याकडे? भारतात चित्र उलटं होतं. मे 2021 च्या सुरुवातीला एअर इंडियाच्या वैमानिकांच्या एका संघटनेने कंपनीला कळवलं, की उड्डाणावरच्या कर्मचाऱ्यांना आधी लस द्या, नाही तर काम थांबवू. तेव्हा लस मिळत नव्हती. इथे कामगार लस टाळण्यासाठी नाही, मिळवण्यासाठी काम सोडायला निघाले होते. "लस सक्तीची केली की माणसं जातात" असा सरसकट नियम मांडण्याआधी हे उदाहरण समोर ठेवा.

ज्यांना जाता येत नाही

मग दोन्ही काळ शेजारी ठेवून काय दिसतं? सक्तीने माणसं कामावरून जातात का, याचं उत्तर लसीत सापडत नाही. ते त्या माणसाच्या मागे काय आहे यात सापडतं. गाव आहे का? दुसरं काम आहे का? संघटना आहे का? त्याच्या जाण्याने कोणाचं अडतं?

1896 मध्ये रत्नागिरीच्या कामगाराच्या मागे गाव होतं. सफाई कामगाराच्या जाण्याने शहर अडत होतं. 2021 मध्ये वैमानिकाच्या मागे संघटना आणि वकील होते. भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्याला कुठे जायचं होतं? त्याने लस "स्वेच्छेने" घेतली असं कागदात लिहिलेलं असतं. तुरुंगातली स्वेच्छा म्हणजे काय, हे कागद सांगत नाही.

नोव्हेंबर 2021 मध्ये ठाणे महापालिकेने जाहीर केलं, की एकही डोस न घेतलेल्या कर्मचाऱ्याला पगार मिळणार नाही. त्याच महिन्यात औरंगाबाद जिल्ह्यात लस नसेल तर पेट्रोल, रेशन नाही असा आदेश निघाला. तिथे माणसं निघून गेल्याची बातमी झाली नाही. म्हणजे सगळ्यांना पटलं होतं का? तसं म्हणता येणार नाही. पगार आणि रेशन सोडून जायला जागा कुठे होती? 2 मे 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल खटल्यात सांगितलं, की कोणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालता येतात, पण ते प्रमाणात हवेत. हुबळीतल्या दाखल्याचाच प्रश्न सव्वाशे वर्षांनी कोर्टासमोर आला होता, असं मला ते वाचताना वाटलं. लसीने जीव वाचवले, हे मला दोन्ही काळांत मान्य आहे. म्हणूनच ती कशी दिली गेली याचा हिशेब नीट ठेवायला हवा.

संशोधनाला येणाऱ्यांना दोन कामाच्या गोष्टी सांगतो. पहिली, कारण शोधण्याआधी तारखांचा तक्ता करा. कागदावर, हाताने. माझे अर्धे गैरसमज तिथेच गळून पडले. दुसरी, "माणसं गेली" असं वाचलं की "कोण राहिलं?" हे विचारा. राहिलेल्यांची नोंद कमी असते. नारायण मेघाजी लोखंडे, गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे आणि 'दीनबंधु' चालवणारे, साथीत मुंबईतच राहिले आणि 9 फेब्रुवारी 1897 ला प्लेगने गेले. त्यांचं नाव आपल्याला माहीत आहे. त्याच आठवड्यात जे हलालखोर पहाटे बादल्या उचलत होते, त्यांची नावं मला अजून एकाही कागदात मिळालेली नाहीत. माझा प्रबंध त्यांच्यामुळेच अडलाय.

पुढच्या वेळी घरी गेलो तेव्हा काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे मेसेज खोटा?" म्हटलं, "काका, लस सक्तीची झाली आणि विमानं रद्द झाली, हे खरं आहे. मधला 'म्हणून' तेवढा खोटा आहे."

तुमच्या विषयातला असा एखादा 'म्हणून' सापडला तर जरूर कळवा. भेटू पुढच्या लेखात.